वासराचा पहिला दिवस

दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला, सदर बाजारातल्या आजोळी होतो. परसातली गाय व्याली आणि तासाभरात गेली. वासरू थरथरत होते. आजोबा म्हणाले, "आधी चीक आणा."

वासराला रोगांशी लढणारी द्रव्ये गाईच्या पोटात मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आतडे ती साधारण पहिले 24 तासच शोषू शकते. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत पाजावा. दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर द्यावा.

शेजारच्या काकूंची गाय सकाळीच व्याली होती. खरवसासाठी काढलेला चीक त्यांनी लगेच दिला. मामांनी वासराला गोणपाटाने पुसले, नाळेला टिंक्चर आयोडीन लावले. मी कोमट चीक बाटलीने सावकाश पाजला. घाईने ओतला तर फुप्फुसात जातो. पहाटे वासरू उभे राहिले.