जमिनीवर मांडलेला अटलांटिक

लिव्हरपूलच्या डर्बी हाऊसचे तळघर आज संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या ‘वेस्टर्न अॅप्रोचेस’ विभागाचे मुख्यालय तिथे होते. भिंतीवरच्या अवाढव्य नकाशावर अटलांटिकमधली जहाजे आणि जर्मन पाणबुड्या दाखवल्या जात आणि तिथूनच काफिल्यांना हुकूम सुटत. पण या लेखाचा विषय असलेली खोली तळघरात नव्हती, ती वरच्या मजल्यावर होती. तिथे लिनोलियमची जमीन होती आणि तिच्यावर चौकोन आखलेले होते. दहा इंच म्हणजे एक सागरी मैल, असे प्रमाण ठरलेले. त्या जमिनीवर चिमुकली जहाजे ठेवून तरुण मुली ओणव्याने खडूच्या रेघा ओढत. या खोलीचे अधिकृत नाव ‘वेस्टर्न अॅप्रोचेस टॅक्टिकल युनिट’. जानेवारी १९४२मध्ये ते सुरू झाले आणि युद्ध संपेपर्यंत चालले.

त्याची गरज का पडली, ते आधी पाहू. ब्रिटन हे बेट. अन्न, तेल, लाकूड, पोलाद, दारूगोळा, सगळे समुद्रावरून यायचे. हा पुरवठा तोडला की ब्रिटनला शरण यावे लागेल, असे जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल ड्योनिट्झ याचे गणित होते. त्याच्या पाणबुड्या टोळ्यांनी शिकार करत. एखादीला काफिला दिसला की ती बिनतारी संदेश पाठवी, बाकीच्या गोळा होत आणि रात्री हल्ला चढवत. १९४२ हे सर्वांत वाईट वर्ष ठरले. त्या एका वर्षात पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांची हजाराहून अधिक जहाजे बुडवली. संपूर्ण युद्धाचा हिशेब केला तर जर्मन पाणबुड्यांच्या नावावर एक कोटी चाळीस लाख टनांच्या आसपास व्यापारी जहाजे जमा आहेत.

टनांत मोजले की माणसे दिसत नाहीत, म्हणून एका जहाजाबद्दल सांगतो. ‘सिटी ऑफ बनारस’ ही १९३६ साली मुंबईच्या मार्गासाठी बांधलेली प्रवासी बोट. सप्टेंबर १९४०मध्ये बॉम्बहल्ल्यांपासून दूर, कॅनडात पाठवायची ९० मुले घेऊन ती लिव्हरपूलहून निघाली. १७ सप्टेंबरच्या रात्री, सोबतीची युद्धनौका मागे फिरल्यानंतर, ‘यू-४८’ या पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. ९० पैकी ७७ मुले मरण पावली. मुलांची ही कहाणी इंग्लंडमध्ये पुन्हा पुन्हा सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. त्याच बोटीवर शंभराहून अधिक हिंदी खलाशीही मेले, हे मात्र तळटीपेत जाते. तिची बारा नंबरची जीवरक्षक होडी आठ दिवस थंड समुद्रात तरंगत राहिली. तिच्यातल्या माणसांत बहुतेक हिंदी खलाशीच होते.

तर प्रश्न असा होता : काफिल्याभोवती युद्धनौका असतात, त्यांच्यावर पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारे ‘अॅस्डिक’ यंत्र असते, तरी पाणबुड्या मारून निसटतात कशा? याचे उत्तर शोधायला नौदलाने गिल्बर्ट रॉबर्ट्स या अधिकाऱ्याला पाठवले. क्षयामुळे १९३८मध्ये त्यांना नौदलातून सक्तीने निवृत्त केले होते. समुद्रावर जाणे शक्य नव्हते. हातात होती ती युद्धाचे खेळ मांडून डावपेच तपासण्याची विद्या. मदतीला मिळाल्या नौदलाच्या महिला शाखेतल्या, म्हणजे ‘रेन’ दलातल्या मुली. त्यांतल्या जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल यांची नावे तरी निदान आपण लक्षात ठेवावीत. दोघींनी नुकतीच विशी गाठली होती किंवा गाठायची होती. युद्धनौकेवरच्या लढाईचा अनुभव दोघींनाही नव्हता.

रॉबर्ट्स यांनी समुद्रावरून परतलेल्या अधिकाऱ्यांना विचारायला सुरुवात केली. तुमच्या काफिल्यातले जहाज फुटले तेव्हा पाणबुडी कुठे होती? बहुतेकांचे उत्तर ठरलेले होते : काफिल्याच्या बाहेर, बाजूला, दुरून मारा करत होती. म्हणूनच जहाज फुटले की संरक्षक नौका बाहेरच्या दिशेला वळत, प्रकाशाचे गोळे उडवत आणि अंधारात शोध घेत. पण फुटलेली जहाजे काफिल्याच्या मधल्या रांगांतली असत, हे जमिनीवर मांडल्यावर डोळ्यांत भरले. बाहेरून सोडलेला टॉर्पेडो कडेच्या रांगा चुकवून पुन्हा पुन्हा नेमका मधल्या जहाजाला कसा लागेल? टॉर्पेडोचा पल्ला, काफिल्याचा वेग, स्फोटाची वेळ धरून रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. शेवटी एकच जागा उरली. पाणबुडी काफिल्याच्या आतच होती.

हे पटायला अवघड होते, पण हिशेब साधा होता. ड्योनिट्झच्या ‘टाइप सात’ जातीच्या पाणबुडीचा पाण्याखालचा वेग ताशी सात-साडेसात सागरी मैल, पृष्ठभागावर मात्र सतरा. तिच्यामागे धावणाऱ्या ‘फ्लॉवर’ वर्गाच्या छोट्या नौकांचा वेग सोळा. मालवाहू काफिला सात ते नऊ मैलांनी रखडत चाललेला. म्हणजे रात्री वर येऊन, मागच्या बाजूने काफिल्याला गाठून दोन रांगांच्या मध्ये शिरणे तिला सहज जमे. अॅस्डिक पाण्याखाली शोधत असे, त्यामुळे पृष्ठभागावरची पाणबुडी त्याच्या तावडीतून सुटे. ओटो क्रेट्श्मरसारखा जर्मन कप्तान १९४०मध्येच या पद्धतीने जहाजे बुडवत होता. जवळून मारा करायचा, लगेच बुडी घ्यायची, काफिला डोक्यावरून पुढे जाऊ द्यायचा आणि मागून पसार व्हायचे. संरक्षक नौका तोवर भलत्याच दिशेला गेलेल्या असत.

निदान झाल्यावर उपायाला वेळ लागला नाही. जहाज फुटल्याचा इशारा मिळताच संरक्षक नौकांनी मागे पडायचे, काफिल्याच्या शेपटाशी रांग धरायची आणि तिथले पाणी अॅस्डिकने विंचरायचे, म्हणजे पसार होणारी पाणबुडी त्यांच्याच टापूत येते. या डावाला लेडलॉने ‘रास्पबेरी’ हे नाव दिले. विभागप्रमुख अॅडमिरल पर्सी नोबल हे प्रात्यक्षिक बघायला आले तेव्हा साशंक होते. ते पाहून गेल्यावर त्यांनी हा डाव सगळ्या संरक्षक नौकांना कळवायला लावला.

मग ती खोली शाळा झाली. सोमवार ते शनिवार असा सहा दिवसांचा अभ्यासक्रम. आलेला अधिकारी कॅनव्हासच्या पडद्याआड उभा राहायचा. पडद्याला बारीक फट असे. तिच्यातून त्याला जमिनीचा तेवढाच तुकडा दिसे, जेवढा त्याला खऱ्या जहाजाच्या डेकवरून रात्री दिसला असता. पाणबुडीची वाट हिरव्या खडूने काढत, ती त्या फटीतून कळू नये म्हणून. विचार करायला दोन मिनिटे मिळत. तेवढ्यात हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यायचा, मग रेन त्याचे जहाज जमिनीवर सरकवत आणि पुढची बातमी त्याच्या कानावर घालत. दोन वर्षे अटलांटिकवर काढलेला कप्तान इथे विशीतल्या मुलीकडून आपली चूक समजावून घेत असे. सुमारे पाच हजार अधिकारी या खोलीतून गेले. ‘द क्रुएल सी’ ही कादंबरी पुढे लिहिणारे निकोलस मॉन्सरॅट त्यांतलेच एक.

नोव्हेंबर १९४२मध्ये नोबल यांच्या जागी मॅक्स हॉर्टन आले. पहिल्या महायुद्धात ते स्वतः नावाजलेले पाणबुडी-कप्तान होते. त्यांनी त्या जमिनीवर पाणबुडीची बाजू घेतली. समोर संरक्षक नौका चालवत होती जॅनेट ओकेल. पाच डाव झाले आणि हॉर्टन पाचही वेळा बुडाले. त्यांचा राग अनावर झाला, असे रॉबर्ट्स यांनी नंतर सांगितले. राग ओसरल्यावर मात्र हॉर्टन या शाळेच्या पाठीशी उभे राहिले. पराभवातून शिकण्याचे हे मोठेपण मला त्यांच्या पदकांपेक्षा मोलाचे वाटते.

मे १९४३च्या सुरुवातीला ‘ओएनएस ५’ या संथ काफिल्यावर पाणबुड्यांची प्रचंड टोळी तुटून पडली. बारा-तेरा जहाजे गेली. पण ५ मेच्या संध्याकाळी धुके पडले, रडार असलेल्या संरक्षक नौकांना धुक्यातही दिसत होते आणि पाणबुड्या आंधळ्या झाल्या. त्या लढाईत सहा पाणबुड्या बुडाल्या. त्या महिन्यात बुडालेल्या पाणबुड्यांचा आकडा चाळिशीपार गेला आणि ड्योनिट्झने २४ मे रोजी उत्तर अटलांटिकमधून टोळ्या मागे घेतल्या. त्याचे सारे श्रेय खडूला देणे खोटे ठरेल. लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने, छोट्या विमानवाहू नौका, रडार, बिनतारी संदेशांवरून पाणबुडीची दिशा काढणारी यंत्रे आणि जर्मनांच्या ‘एनिग्मा’ संकेतलिपीची उकल या सगळ्यांचा त्यात वाटा होता. मात्र यंत्र हातात आल्यावर रात्री दोन वाजता, बाजूचे जहाज जळत असताना, नेमके काय करायचे हे त्या जमिनीने शिकवले. सप्टेंबर १९४३मध्ये जर्मनांनी जहाजाच्या पंख्याचा आवाज हेरून येणारा टॉर्पेडो आणला, तेव्हा त्याला चुकवत पाणबुडीवर चालून जाण्याचा डावही इथेच तयार झाला.

युद्धानंतर युनिट मोडले. रॉबर्ट्स यांना मानसन्मान मिळाले. रेन घरी गेल्या, कामाबद्दल गप्प राहिल्या आणि बराच काळ त्यांची नावे इतिहासात आली नाहीत. सायमन पार्किन यांच्या २०१९च्या पुस्तकाने त्यांच्याकडे सामान्य वाचकांचे लक्ष वळवले. हा अन्याय उशिरा का होईना, दुरुस्त होतो आहे.

दुसरा अन्याय आपल्या दाराशी आहे. त्या जमिनीवरचा काफिला म्हणजे ज्या जहाजांच्या रांगा, त्यांतल्या कितीतरी जहाजांवर हिंदी माणसे होती. मुंबई बंदरातून रत्नागिरीकडचे खलाशी डेकवर जात, सारंग आणि तांडेल त्यांच्यावर देखरेख करत. गोव्याचे लोक स्वयंपाकघरात आणि प्रवाशांच्या दिमतीला असत. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत त्यांना फार कमी पगार मिळे. युद्ध सुरू होताच १९३९मध्ये ब्रिटिश बंदरांत त्यांनी संप केले ते याच कारणाने. मरण मात्र सारखेच आले, आणि इंजिनखोलीत असलेल्याला तर बाहेर पडायला वेळही मिळत नसे. सहा हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दी त्या युद्धात गेले. त्यांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या ‘इंडियन सेलर्स होम’मध्ये आहे. नावे कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत आहेत आणि त्या कुणालाही शोधता येतात.

कोकणात किंवा गोव्यात तुमच्या घरी आगबोटीवर गेलेल्या आणि परत न आलेल्या पणजोबांचा फोटो, नोकरीचे पुस्तक, कंपनीचे पत्र असेल, तर जहाजाचे नाव आणि साल आजच वहीत उतरवून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आयोगाच्या नोंदींत ते नाव शोधा, आणि सापडले नाही तर त्यांना कळवा.