एकोणीस एकांची संख्या

नाशिकजवळच्या देवळालीस १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षकी करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना नुसत्या एकांनीं लिहिलेल्या संख्यांचा मोठा नाद. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असल्या संख्यांना त्यांनीं एका रेल्वे स्टेशनावरून ‘डेमलो’ हें नांव दिलें. परंतु श्रोतेहो, वर्ग करण्यापूर्वींच एक प्रश्न उभा राहतो: नुसत्या एकांची संख्या मूळ, म्हणजे दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें भाग न जाणारी, असूं शकेल काय?

सहा एकांचे दोन-दोनांचे गट पडतात. म्हणून त्यांना ११ नें भाग जाणारच. तेव्हां एक किती, ही मोजणीच मूळ हवी. पण तेवढेंहि पुरत नाहीं. पांच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सतरा एक दिसावयास अभेद्य, तरी त्यांना २०७१७२३ नें भाग जातो.

एकोणीस एकांना मात्र जात नाहीं. त्यांचा मूळ भाजक असलाच, तर त्यांतून १ वजा करून उरणाऱ्या संख्येस ३८ नें भाग गेला पाहिजे. त्यामुळें वर्गमुळापर्यंतच्या एकशें पांच कोटींऐवजीं सुमारें पावणेतीन कोटीच संख्या तपासावयाच्या! पहिल्या महायुद्धाच्या काळांत, गणकयंत्रें नसतांना, हॉप्पे यांनीं ही संख्या मूळ असल्याचें सिद्ध केलें.

१ ला हिनें भागल्यास दशांशचिन्हापुढें अठरा शून्यें, मग ९, आणि पुन्हां तेंच. एकोणीस अंकांचें आवर्तन देणारी मूळ संख्या ही एकटीच. कारण एकोणीस नवांची संख्या हिच्या नेमकी नऊपट आहे, आणि एकतृतीयांशाचें आवर्तन एकाच अंकाचें.

हिच्यापुढची तेवीस एकांची. त्यानंतरची थेट ३१७ एकांची. अशा संख्यांना अंत आहे कीं नाहीं, हें अद्याप कोणीं सिद्ध केलेलें नाहीं.