घरचं चार्जिंग : गाडी नंतर, भिंत आधी

मागच्या भागानंतर बेळगाव, इंदूर, पुणे, बडोदा अशा ठिकाणांहून प्रश्न आले आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकच होते : "कोणती इलेक्ट्रिक गाडी घेऊ?" उत्तर देणार आहे. पण आधी आमच्या डमडमच्या घरातली एक रात्र सांगतो, कारण त्या रात्रीनंतर या प्रश्नाकडे बघायची माझी पद्धतच बदलली.

२२ सप्टेंबर २०२५. घटस्थापनेचा दिवस. दुर्गापूजा तोंडावर आलेली, गल्लीत मांडवाचे बांबू उभे. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला आणि सकाळपर्यंत कोलकात्यात चोवीस तासांत अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पडलं. दक्षिण कोलकात्याच्या मानाने आमच्याकडे कमी, पण गल्लीत गुडघाभर पाणी झालंच. खाली गॅरेजमध्ये गाडी चार्जिंगला लावलेली होती. रात्री जाग आली तेव्हा मोबाइलवर निरोप होता, चार्जिंग थांबलं. वरच्या मजल्यावरच्या डीबीपाशी गेलो तर गॅरेजच्या लाईनचा आरसीसीबी पडलेला. म्हटलं, विजा कडाडतायत, उगाच पडला असेल. हात लीव्हरवर ठेवला होता. तेवढ्यात मागून बायको म्हणाली, "अहो, आधी खाली पाणी किती आहे ते तरी बघा."

जिन्यावरून टॉर्च मारला. गॅरेजमधलं सॉकेट पाण्याखाली गेलेलं होतं.

त्या पावसात शहरात दहाच्या आसपास माणसं गेली, बहुतेक विजेच्या धक्क्याने. मी मात्र सैन्यात आयुष्यभर पोरांना शिकवत आलो होतो की पडलेला ब्रेकर कारण कळल्याशिवाय वर करायचा नाही. स्वतःच्या घरी, झोपेत, तेच विसरलो. आणि ते सॉकेट जमिनीपासून फूटभर उंचीवर होतं, कारण पूर्वी तिथे पाण्याचा पंप लावायचो. गाडी घेतली तेव्हा नवीन वायर ओढली, आरसीसीबी बसवला, पण जागा तीच ठेवली. ती चूक माझी, मिस्त्रीची नव्हे.

आता मुद्द्याकडे.

विजेचा एक युनिट म्हणजे एक किलोवॅट एक तास. गाडीच्या बॅटरीचं मापही हेच. माझी टियागो ईव्ही, २४ युनिटची बॅटरी. घरातल्या १५ अँपिअरच्या, म्हणजे गीझरच्या, सॉकेटमधून साधारण ३.३ किलोवॅट मिळतात. थोडी गळती धरली तर तासाला तीन युनिट बॅटरीत जातात. छोटी गाडी शहरात युनिटला सातेक किलोमीटर चालते. म्हणजे तासाला वीस किलोमीटर. डमडम ते धर्मतला जाऊन-येऊन, वर बाजारहाट, असा माझा दिवस फार तर चाळीस किलोमीटरचा होतो. दोन तास लावली की भागलं. रात्र आठ तासांची असते.

हे गणित आधी करा, कारण शोरूममध्ये लोक "शून्य ते शंभर टक्के किती तासांत?" विचारतात आणि पंधरा तास ऐकून घाबरतात. रोज शून्यावरून शंभरवर कोण जातं? पेट्रोलची टाकी तरी रोज रिकामी करून भरतो का आपण? आमच्या गल्लीतले टोटोवाले, म्हणजे आपल्याकडचे ई-रिक्षावाले, हे केव्हाच शिकलेत : रात्री लावायची, सकाळी काढायची, गाडी उभी आहे तोच वेळ चार्जिंगचा. आणि या शहराला विजेवरची वाहनं नवी नाहीत. एस्प्लनेड ते खिदिरपूर विजेची ट्राम १९०२ मध्ये धावली, मुंबईच्या पाच वर्षं आधी.

मोठ्या गाडीचं गणित थोडं वेगळं. म्हणून बाजारातल्या गाड्या मी किमतीने किंवा कंपनीने लावत नाही, बॅटरीच्या मापाने लावतो. एमजीची कॉमेट १७.३ युनिट, टाटांची टियागो १९.२ किंवा २४, २०२४ च्या जानेवारीत पंच आली तेव्हा तिची २५ किंवा ३५ होती. या गाड्यांना घरचं १५ अँपिअर सॉकेट पुरतं, दुसरा विचार करू नका. मधली फळी म्हणजे एमजी विंडसर ३८, नेक्सॉन ४५, ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक ४२ किंवा ५१.४. नेक्सॉन ४५ साध्या सॉकेटवर पूर्ण भरायला पंधराएक तास घेईल, ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरवर साडेसहा-सात. रोजचं चालवणं साठ-सत्तर किलोमीटरच्या आत असेल तर इथेही सॉकेटवर भागतं. वरची फळी म्हणजे महिंद्राच्या चाकणला बनणाऱ्या बीई सिक्स आणि एक्सईव्ही नाइन ई, ५९ आणि ७९ युनिट. ७९ युनिट साध्या सॉकेटवर भरायला चोवीस तासांहून जास्त लागतील. इथे भिंतीवरचा चार्जर हवाच. ७.२ चा एका फेजवर चालतो आणि ३२ अँपिअर ओढतो. ११ किलोवॅटचा तीन फेज मागतो.

विंडसरच्या निमित्ताने एक सांगतो. तिच्यात बॅटरी विकत न घेता वापराप्रमाणे किलोमीटरमागे पैसे देण्याची सोय आहे. जाहिरातीतली किंमत त्यामुळे लहान दिसते. महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर फिरणाऱ्याने त्या किलोमीटरच्या पैशांची बेरीज पाच वर्षांची करून बघावी, मगच सही करावी.

जीएसटीचंही विचारलं होतं. ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा २८ चा १८ झाला, त्यामुळे फरक कमी झाला, पण आहे. चालवण्याचा खर्च म्हणाल तर घरच्या विजेचा वरच्या टप्प्यातला दर नऊ रुपये धरा, किलोमीटरला सव्वा-दीड रुपया. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी पंधराची धरली तर सात रुपये. मात्र आपल्या बिलातला सगळ्यात वरच्या टप्प्याचाच दर धरायचा, सरासरी नव्हे. गाडीचे युनिट घरच्या युनिटांवर चढतात.

आता भिंत.

घरात एमसीबी असतो, तो आपल्याला वाचवतो असं बहुतेकांना वाटतं. एमसीबी वायरला वाचवतो. २० अँपिअरचा एमसीबी म्हणजे २०,००० मिलिअँपिअर. माणसाच्या छातीतून तीसेक मिलिअँपिअरच्या वर प्रवाह गेला की हृदयाला धोका सुरू होतो. पाण्यात उभ्या माणसातून शंभर-दोनशे मिलिअँपिअर जात असतील, तो मरत असेल, आणि एमसीबीच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. आरसीसीबी वेगळं काम करतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो मोजतो. तीस मिलिअँपिअर कुठे तरी वाट चुकले, पाण्यात गेले, माणसात गेले, की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतो. माझ्या गॅरेजमध्ये त्या रात्री तेच झालं.

घेताना दुकानदाराला "३० मिलिअँपिअर, टाइप ए" असं सांगा. साधारण दुकानात मिळतो तो टाइप एसी. गाडीच्या आतला चार्जर एसीचा डीसी करतो, आणि तिथून थोडा डीसी गळला तर टाइप एसी आंधळा होतो, पडायचा तेव्हा पडत नाही. भिंतीवरचा चार्जर घेणार असाल तर त्यात सहा मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, हे कागदावर बघा. नसेल तर टाइप बी लागेल, तो महाग आहे. आरसीसीबीवर "टी" लिहिलेलं बटण असतं. महिन्याला एकदा दाबायचं. लाईन गेली तर ठीक, नाही गेली तर तो डबा शोभेचा आहे, बदला.

मग अर्थिंग. आमचं घर जुनं. गाडी आली त्या दिवशी तिने चार्जिंगच घेतलं नाही, लाल दिवा. मिस्त्रीने मीटर लावलं तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात ११ व्होल्ट. दोन-तीन व्होल्टच्या वर असू नयेत. शोधता शोधता कळलं की घरात हिरवी वायर आहे, सॉकेटपर्यंत आलेलीही आहे, पण दुसऱ्या टोकाला ती नुसतीच भिंतीत संपते. तीस वर्षं आम्ही त्यावर गीझर चालवला! गाडीने नकार दिला नसता तर कळलंही नसतं. काही लोक अशा वेळी अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्येच जोडून गाडीला फसवतात. हे करू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटली तर गाडीचा सगळा पत्रा फेजवर येतो.

नवीन अर्थ पिट केला. डमडमला हे सोपं आहे. खाली गंगेचा गाळ, थोडं खणलं की ओल. आपल्याकडे तसं नाही. साताऱ्या-पुण्याच्या कातळात किंवा रत्नागिरीच्या जांभ्यात पाइप उतरवणं आणि उन्हाळ्यात तिथे ओल टिकवणं हे खरं काम आहे. तिथल्या मंडळींनी पिट केल्यावर अर्थ टेस्टरने मोजून घ्यावं, आणि मोजणी मे महिन्यात करावी. ऑगस्टमध्ये कातळसुद्धा चांगला आकडा दाखवतो.

वायर डीबीपासून गाडीपर्यंत स्वतंत्र, मध्ये दुसरं काही जोडलेलं नाही. १५ अँपिअर सॉकेटसाठी तांब्याची ४ चौरस मिलिमीटर, ७.२ च्या चार्जरसाठी किमान ६, अंतर लांब असेल तर १०. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. गीझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी सहा तास तेवढाच प्रवाह ओढते. सैल सॉकेट तासाभरात हाताला गरम लागतं, महिन्याभरात काळं पडतं. मी निळं, गोल, झाकणाचं औद्योगिक सॉकेट बसवलं, आणि आता ते जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे. तुमच्या गल्लीत पाणी कुठवर चढलं होतं, ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा आणि त्याच्या वर दोन फूट जा. चिपळूण, सांगली, कोल्हापूरच्या लोकांना हे मी सांगायला नको, त्यांच्या भिंतींवर रेघा आहेत.

गाडीचं काय झालं, असं विचाराल. काही नाही. पाणी अर्ध्या चाकापर्यंत होतं. बहुतेक गाड्यांच्या बॅटरीला आयपी ६७ दर्जा असतो, म्हणजे मीटरभर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाऊ नये अशी चाचणी. ती चाचणी नव्या बॅटरीची आणि स्थिर पाण्याची असते, म्हणून पुरात गाडी घालायचा परवाना समजू नका. पण उभ्या गाडीची भीती लोकांना जास्त वाटते आणि भिंतीतल्या सॉकेटची वाटत नाही, हे उलटं आहे. पाणी चढताना दिसलं तर प्लग काढायला खाली उतरू नका. वरून मेन बंद करा. प्लग पाणी ओसरल्यावर निघेल.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला मोकळीक दिलेली आहे. तरी सोसायटीला दोन गोष्टी हव्या असतात : सामायिक मीटरवर भार नको आणि आग नको. त्यामुळे अर्जासोबत आपल्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंतच्या वायरचा नकाशा, एमसीबी-आरसीसीबीचा तपशील आणि परवानाधारक मिस्त्रीची सही असलेला कागद द्या. नुसत्या "परवानगी मिळावी" या अर्जावर समिती सहा महिने बसते. मंजूर भारही बघून घ्या, तो बिलावर छापलेला असतो. तीन किलोवॅट मंजूर असतील आणि ७.२ चा चार्जर, एसी, गीझर एकदम लावलेत तर मीटरच्या टोकाशीच गरम होईल. भार वाढवून घेणं हे काम गाडी बुक करण्याआधीचं, कारण कधी कधी इमारतीची मुख्य केबलच बदलावी लागते आणि ते एकट्याच्या हातात नसतं.

बॅटरी रोज किती भरावी, हेही विचारलं आहे. टाटा, विंडसर, महिंद्राच्या या गाड्यांत एलएफपी रसायनाची बॅटरी आहे, ती अधूनमधून शंभर टक्के भरणं चांगलं, नाहीतर टक्क्यांचा आकडा खोटा दाखवू लागते. एनएमसी रसायन असेल तर रोज ऐंशीवर थांबा. आपल्या गाडीत कोणतं, ते पुस्तिकेत असतं.

परवा गल्लीतला टोटोवाला वर आला. म्हणाला, "काकू, माझं पॉइंट पण बघून द्या." घाबरू नका, बंगालीत काकू म्हणजे काका. गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या, वर लोंबणारी दोन तारांची वायर, तिसरी तार नाहीच, आणि प्लग विटेवर ठेवलेला. मिस्त्रीला सोबत घेऊन गेलो होतो. आरसीसीबी, तीन तारांची वायर आणि सॉकेट खांद्याच्या उंचीवर, एवढं करायला अर्धा दिवस गेला. सामानाचा खर्च त्याने तीन हप्त्यांत द्यायचं ठरवलं आहे. बटण दाबून दाखवलं तेव्हा त्याच्या मुलीने ते परत तीनदा दाबून बघितलं.