हजेरीपटावरचा रॉक

'द फायनल काउंटडाउन'मधली किबोर्डवरची तुतारी आपल्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगपासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत सगळीकडे वाजली. ते गाणं 'युरोप' या बँडचं आणि बँड स्वीडनचा, इतपत माहिती बऱ्याच जणांना असते. पण स्वीडनमधल्या कुठल्या गावचा? स्टॉकहोमच्या उत्तरेला, अर्लांडा विमानतळाच्या वाटेवर उप्लांद्स व्हेस्बी नावाचं उपनगर आहे, तिथला. लोकल गाडीने साधारण अर्ध्या तासाचा रस्ता. वस्ती आजही पन्नास हजारांच्या आसपास. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत स्वीडनने दहा लाख घरं बांधायची मोहीम काढली, त्या काळात अशी उपनगरं भराभर वाढली. एकसारख्या इमारती, शाळा, दुकानं, स्टेशन. मुद्दाम पाहायला जावं असं काही नाही. तरी याच गावातून 'युरोप' आला, डूम मेटलचे भक्त ज्याला आद्यपुरुष मानतात तो 'कँडलमास' आला, आणि २००७ साली 'हीट' आला.

एवढ्याशा गावात इतके बँड कसे? 'तिथलं पाणीच वेगळं' हे अशा वेळचं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही. खरं उत्तर सरकारी आहे, आणि रॉकच्या दंतकथांमध्ये सरकारी उत्तरं शोभत नाहीत.

१९०२ साली लुंड या विद्यापीठाच्या गावी ऑस्कर ओल्सन या दारूबंदी चळवळीतल्या कार्यकर्त्याने पहिलं अभ्यासमंडळ भरवलं. कामगारांनी संध्याकाळी गुत्त्यावर जाण्याऐवजी एकत्र बसून पुस्तकं वाचावीत, एवढाच हेतू. १९१२मध्ये कामगार चळवळीने आपली शिक्षणसंघटना काढली आणि पुढे अशा संघटना वाढत गेल्या. त्यांच्या छत्राखाली लोक भाषा शिकू लागले, विणकाम शिकू लागले, पक्षी ओळखू लागले. नियम साधे: प्रमुख धरून किमान तीन माणसं, ठरलेले तास आणि हजेरीपट. तासांच्या हिशेबाने संघटनेला सरकारी अनुदान. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की ड्रम, बास आणि गिटार घेऊन बसलेली तीन पोरं या व्याख्येत चपखल बसतात!

तेव्हापासून स्वीडनमधले असंख्य हौशी बँड कागदोपत्री अभ्यासमंडळं आहेत. संघटना खोली देते, बऱ्याचदा ड्रमसेट आणि अॅम्प्लिफायरही तिथेच असतात. बँडमधला एक जण मंडळप्रमुख होतो आणि हजेरी मांडतो. मंगळवारी सहा ते नऊ आपली पाळी. कुणी गोदामातून येतो, कुणी शाळेत शिकवून, कुणी पोराला फुटबॉलच्या सरावाला सोडून. आधी कॉफी आणि दालचिनीचा पाव, घरभाड्याच्या आणि थंडीच्या तक्रारी, मग तारा जुळवणं. पाऊण तास तर केबल शोधण्यातच जातो. नऊला पाच कमी असताना पुढचा बँड दारात उभा. आपल्याकडचं भजनी मंडळ आठवा: तोच ठरलेला वार, तीच माणसं, पेटीवाला आला नाही म्हणून तीच चिडचिड.

खोल्याही पाहण्यासारख्या. शीतयुद्धाच्या भीतीने स्वीडनने इमारतींच्या तळघरांत बॉम्बपासून बचावाची निवारागृहं बांधली. अशी सुमारे ६४ हजार आजही नोंदीत आहेत. शांततेच्या काळात त्यांचा वापर सायकली ठेवायला होतो, नाहीतर तालमीला. जाड काँक्रीटमधून ड्रमचा आवाज बाहेर जात नाही, शेजारी पोलिसांना फोन करत नाहीत. अट एकच: सरकारचा आदेश निघाला तर ४८ तासांत जागा निवाऱ्यासाठी सज्ज झाली पाहिजे.

याला नगरपालिकेच्या संगीतशाळांची जोड. १९४०च्या दशकापासून त्या पसरत गेल्या. शाळकरी मूल तिथे माफक शुल्कात बासरी, ट्रम्पेट, गिटार शिकतं. तिथे स्वरलेखन शिकलेलं पोर पुढे तळघरात तीन आवाजांचं ध्रुवपद बांधू शकतं, आणि मेलडिक रॉकचा सगळा डोलारा त्या ध्रुवपदावरच उभा असतो. कडवं काहीसं उदास, खाली किबोर्डची सलग साय, मग उसळून येणारं समूहगान, शेवटच्या फेरीला पट्टी वर. समीक्षकांनी या प्रकाराला गोडगोड म्हणून कायम नाकं मुरडली. मला त्यातली कारागिरी मोठी वाटते. बॅकस्ट्रीट बॉइजची गाणी रचणारा मॅक्स मार्टिन आधी 'इट्स अलाइव्ह' या ग्लॅम बँडचा गायक होता आणि आपल्या यशाचं श्रेय तो उघडपणे सरकारी संगीतशिक्षणाला देतो.

'युरोप'ची सुरुवातही उसनवारीतली. १९७९मध्ये जोई टेम्पेस्ट आणि जॉन नोरुम यांनी बँड काढला तेव्हा नाव होतं 'फोर्स'. ती प्रसिद्ध तुतारी टेम्पेस्टला सुचली ती मित्राकडून, मिक मिकाएलीकडून, मागून आणलेल्या कॉर्ग पॉलिसिक्स किबोर्डवर. १९८२च्या 'रॉक-एसएम' स्पर्धेत बँडचं नाव घातलं टेम्पेस्टच्या मैत्रिणीने. बँड जिंकला आणि बक्षीस म्हणून रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला.

बाकीच्यांच्या वाट्याला एवढं आलं नाही. गोथेनबर्गच्या 'एलियन'चं 'ओन्ली वन वुमन' १९८८मध्ये स्वीडनच्या यादीत पहिलं आलं, पण बाहेर नाव झालं नाही. १९८३मध्ये सुरू झालेला स्टॉकहोमचा 'ट्रीट' मला त्या पिढीतला सर्वांत अन्याय झालेला बँड वाटतो. मार्सेल याकॉब हा बासवादक 'फोर्स'मध्येही होता, पण त्याचं खरं काम पुढे 'टॅलिस्मन'मध्ये. २००९मध्ये तो गेला. १९९१च्या शरदात 'निर्वाणा' या अमेरिकी बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला आणि अमेरिकी कंपन्यांनी केस फुगवलेल्या सगळ्यांना एकदम घरी पाठवलं. पण तळघरातल्या मंगळवारच्या तालमी कुणाच्या कराराच्या भरवशावर नव्हत्याच. त्यामुळे त्या चालूच राहिल्या.

१९९६मध्ये नेपल्समध्ये सेराफिनो पेरुजिनो या चाहत्याने 'फ्रंटियर्स' ही रेकॉर्ड कंपनी काढली. नाव घेतलं 'जर्नी' या बँडच्या अल्बमवरून. पुढे तिने पुन्हा एकत्र आलेल्या 'ट्रीट'चे अल्बम काढले. 'वर्क ऑफ आर्ट', 'एक्लिप्स' आणि 'टॅलिस्मन' यांतली माणसं एकत्र आणून तीन आद्याक्षरांचा 'डब्ल्यू.ई.टी.' बँडही तिनेच जमवला. 'हीट'चा जन्मही असाच, 'ड्रीम' आणि 'ट्रेडिंग फेट' हे दोन बँड एकत्र होऊन.

ऐंशीच्या दशकात मुंबईतही याच धाटणीचं संगीत चाललं होतं. १९८४चा 'रॉक मशीन', म्हणजे पुढचा 'इंडस क्रीड'. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. १९८८मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. १९८६पासून 'इंडिपेंडन्स रॉक' या महोत्सवाला पोरांची गर्दी व्हायची ती धोबीतलावच्या रंगभवनात. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात ते रंगभवन मैफलींना बंद झालं. चव होती, हातही होते, खोली नव्हती.

आता स्वीडनमध्येही खोल्यांवर गदा आली आहे. काही संघटनांत हजेरीपट फुगवल्याचं उघड झालं, २०२२मध्ये तिथल्या महालेखापालांनी ताशेरे ओढले, आणि २०२३मध्ये सरकारने अनुदानकपात जाहीर केली: २०२४ला २५ कोटी क्रोनर, २०२५ला ३५ कोटी, २०२६पासून ५० कोटी. म्हणजे जवळपास एक तृतीयांश. खोट्या हजेरीला शिक्षा हवीच. पण ही शिक्षा भोगणार खरी हजेरी लावणारे.

ऐकायला सुरुवात करायची तर 'ट्रीट'चा २०१०चा 'कू द ग्रास' घ्या. मग 'डब्ल्यू.ई.टी.'चा २००९चा पहिला अल्बम, त्यानंतर 'हीट'चा २०१२चा 'अॅड्रेस द नेशन'. आवडलं तर एखादी सीडी विकत घ्या. स्ट्रीमिंगमधून या मंडळींच्या हाती फारसं काही पडत नाही.