ताम्हिणीचा पाऊस रडारला कमी का दिसतो?

२५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. घाटातला असा पाऊस रडारवर मात्र खऱ्यापेक्षा हलका दिसू शकतो.

रडार वाढलं ते शत्रूची विमानं हुडकण्यासाठी. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या शास्त्रज्ञांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन चालवून दाखवला आणि दहा सेंटिमीटरच्या लहरी दणदणीत ताकदीने सोडता येऊ लागल्या. त्याच वर्षी तो अमेरिकेत पोचला. तिथे तयार झालेलं एससीआर-५८४ हे रडार विमानाचा आपोआप माग काढत असे. पण याच लहरींना पाऊसही दिसे, आणि पडद्यावरचे ते डाग चालकांना नकोसे होत. शिवाय हे डाग दूरवरूनही ठळक राहत. विमानाचं अंतर दुप्पट झालं की त्याचा प्रतिध्वनी, म्हणजे त्यावर आदळून परतणाऱ्या लहरींचा जोर, सोळाव्या हिश्श्यावर येतो. पाऊस रडारचा सगळा झोत व्यापतो, त्यामुळे त्याचा प्रतिध्वनी चौथ्या हिश्श्यावरच थांबतो. युद्ध संपल्यावर त्या डागांचाच अभ्यास सुरू झाला. कॅनडात मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये थेंबांचे आकार आणि पावसाचा जोर यांचं गणित मांडलं. हवामान रडार आजही त्याच वाटेने पाऊस मोजतं.

घाटात हे गणित चुकतं. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर पाणी आठपट होतं, प्रतिध्वनी मात्र चौसष्टपट! समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतो तेव्हा बुटक्या ढगांतून लहान थेंबांचा दाट पाऊस पडतो. पाणी भरपूर, प्रतिध्वनी क्षीण. त्यात पृथ्वीची वक्रता आडवी येते. मुंबईतल्या कुलाब्याहून अर्ध्या अंशाने सोडलेला झोत सुमारे ८० किलोमीटरवरच्या ताम्हिणीपर्यंत येताना समुद्रसपाटीपासून किलोमीटरभर वर गेलेला असतो. कड्यालगत वाढणारा पाऊस बराचसा त्याच्या खालीच राहतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने मांढरदेवच्या डोंगरावर एक्स-बँड रडार बसवून घाटातल्या ढगांचा अभ्यास केला. पण त्याच्या तीन सेंटिमीटरच्या लहरी मुसळधार पावसात वाटेतच विरतात.

घाटातला हा पाऊस मुळशी धरणात जमतो आणि तिथून सोडलेलं पाणी मुळा नदीतून थेट पुण्याकडे येतं. म्हणून पुराचा इशारा देताना रडारच्या चित्राला घाटातल्या पर्जन्यमापकांची जोड हवीच. ताम्हिणी, दावडी, शिरगाव या पट्ट्यात दर पंधरा मिनिटांनी आकडे पाठवणारे स्वयंचलित मापक दाटीने बसवावेत आणि ते आकडे लोकांना तत्काळ पाहता यावेत, ही मागणी पुणेकरांनी आणि मुळशीकरांनी मिळून लावून धरायला हवी.