श्रद्धा आणि हिशेब

धर्मोपदेशकाच्या वाणीवर विश्वास ठेवणाऱ्याने त्याच्या हिशेबाच्या वहीकडे पाहू नये, असा समज श्रद्धाळू वर्गात खोल रुजलेला आहे. ख्रिस्ती परंपरेच्या आरंभीच्या लेखनात मात्र त्याला आधार सापडत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात बिरुया नगरीतील लोकांची वाखाणणी आहे, ती पौलाचा उपदेश त्यांनी शास्त्रलेखांशी रोज ताडून पाहिला म्हणून. १८७३ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपल येथे सापडलेली आणि १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'दिदाखे' ही प्राचीन पुस्तिका तर याहून व्यवहारी आहे. फिरत्या प्रेषिताने एक, फार तर दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही जो मुक्काम हलवीत नाही, किंवा निघताना भाकरीऐवजी पैसा मागतो, तो खोटा संदेष्टा समजावा, असा तिचा दंडक. गंमत अशी की, आत्म्याच्या प्रेरणेने बोलणाऱ्याचे बोलणे तपासू नये, असेही हीच पुस्तिका बजावते. वर्तन मात्र मंडळीने पाहावयाचेच.

अमेरिकेतील जिम बेकर याच्या अनुयायांना हे पाहणे सुचले नाही. दूरचित्रवाणीवरून उपदेश करणाऱ्या या गृहस्थाने १९८४ पासून साउथ कॅरोलिनातील 'हेरिटेज यूएसए' या आपल्या विश्रामनगरीची 'आजीवन भागीदारी' विकावयास काढली. हजार डॉलर देणाऱ्यास तेथील हॉटेलात दरवर्षी तीन रात्री विनामूल्य निवास. भागीदार २५,०००च घेतले जातील, अशी ग्वाही होती. प्रत्यक्षात ६६,००० हून अधिक घेतले गेले. खोल्या सुमारे ५००. म्हणजे वर्षभर एकही खोली रिकामी न ठेवता मिळणाऱ्या रात्री १,८२,५००, आणि देणे असलेल्या रात्री १,९८,०००! शाळकरी मुलाने करावा असा हा गुणाकार; पण भागीदारांची खरी संख्याच झाकून ठेवलेली असल्यामुळे तो कोणास मांडता आला नाही. भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी घासाघीस करणारा माणूस येथे साधा आकडा विचारणेही पाप समजतो, आणि घेणाऱ्याचे सारे बळ त्यातच असते. १९८९ मध्ये फसवणुकीच्या २४ आरोपांवर बेकर दोषी ठरला. शिक्षा ४५ वर्षांची झाली. अपिलानंतर ती कमी होऊन १९९४ मध्ये तो सुटला.

मग ही तपासणी शासनावर सोपवावी काय? अमेरिकेत चर्चला प्राप्तिकर माफ आहे, आणि अन्य धर्मादाय संस्थांना द्यावे लागणारे वार्षिक विवरणपत्रही. २००७ मध्ये सिनेटर ग्रासली यांनी सहा बड्या प्रचारसंस्थांकडे हिशेब मागितला. २०११ मध्ये अहवाल आला तेव्हा पूर्ण सहकार्य दोघांनीच केलेले होते आणि दंड कोणासच झाला नाही. धर्मस्वातंत्र्य मानणाऱ्या देशात शासनाचा हात आखडता असणे एका परीने योग्यही आहे. तथापि त्यामुळे सारा भार अनुयायावर येतो, आणि हिशेब दिसेपर्यंत पाकीट न उघडणे एवढेच त्याच्या हाती उरते.

बेकरने १९९६ मध्ये, आपण चुकलो असे शीर्षकातच सांगणारे आत्मकथन लिहून समृद्धीच्या शिकवणीबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. पुढे तो दूरचित्रवाणीवर परतला. २०२० मध्ये त्याच्या कार्यक्रमातून चांदीचे एक द्रावण कोरोनावर गुणकारी असल्याचे भासवून विकले जात असल्याची तक्रार घेऊन मिसुरी राज्य न्यायालयात गेले. २०२१ मध्ये, दोष मान्य न करता, तडजोड झाली. ग्राहकांना सुमारे १,५६,००० डॉलर परत करावयाचे ठरले.