मराठी र-कार आणि स्वयंचलित चाचण्यांची निगा

‘विदर्भ’ आणि ‘वऱ्हाड’ ही दोन्ही नावे आपल्याच परिसरातील. परंतु पहिल्यातील र रफाराच्या रूपाने पुढील अक्षराच्या माथ्यावर चढतो, तर दुसऱ्यातील र वक्र रेषेच्या रूपाने त्या अक्षराच्या डावीकडेच राहतो. हा केवळ लेखनसौंदर्याचा प्रश्न नव्हे. ‘आचार्यास’ (गुरूस) व ‘आचाऱ्यास’ (स्वयंपाक्यास) यांतील अर्थभेद लेखनात एवढ्यावरच अवलंबून असतो. हिंदीच्या लेखनात हा भेद नाही. म्हणून केवळ हिंदीची नागरी ठाऊक असलेल्यास त्याचे महत्त्व सहसा जाणवत नाही.

संगणकाच्या पडद्यावर हा भेद राखण्याचे काम हार्फबझसारख्या मुक्तस्रोत आज्ञावलीकडे असते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस यांत तिचाच उपयोग होतो. तिच्या चाचणीचे स्वरूप अगदी साधे आहे. एका ओळीत टंक, वर्णांचे संकेतांक आणि अपेक्षित चिन्हांचा क्रम दिलेला असतो. आज्ञावलीत कोणी बदल केला की यंत्र अशा सर्व ओळी पुन्हा पडताळून पाहते.

परंतु निष्पत्ती जुळली नाही, तर चूक कोणाची मानावयाची? कधी आज्ञावली बिघडलेली असते, कधी अपेक्षाच जुनी झालेली असते. यूनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत (२०२३) जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला. तत्पूर्वीच्या नियमाने ‘वऱ्हाड’चे व, ऱ्, हा, ड असे चार खंड पडत, नव्या नियमाने व, ऱ्हा, ड असे तीनच पडतात. आपल्या पारंपरिक ‘अक्षर’ या कल्पनेशी हेच जुळते. येथे जुनी चाचणी बदलणे हीच दुरुस्ती होय.

याच्या उलट प्रकार अधिक घातक आहे. अपेक्षित उत्तर पुष्कळदा आज्ञावलीकडूनच काढून नोंदविले जाते. ते तपासणारा मराठी जाणणारा नसेल, तर ‘वऱ्हाड’मधील ह-वर चढलेला रफारही प्रमाण म्हणून नोंदला जाईल, आणि पुढे तो सुधारू पाहणाराचेच काम यंत्र चुकीचे ठरवील. चाचणी आहे म्हणून भाषा सुरक्षित आहे, असे मानण्याचे कारण नाही.

अशी नोंद करताना आणखी एक पथ्य पाळावे लागते. हा र-कार ‘ऱ’ व हलन्तचिन्ह यांनी लिहिता येतो, ‘ऱ’ऐवजी र व नुक्ता अशीही फोड चालते, शिवाय यूनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून र, हलन्तचिन्ह व शून्य रुंदीचा संयोजक हा क्रमही ग्राह्य आहे. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात, यंत्राला मात्र निराळी. तेव्हा ‘आचाऱ्यास’ या एका शब्दासाठी तीन ओळी हव्यात, आणि चौथी ‘आचार्यास’ची, कारण ती नसेल तर रफार सर्वत्र गाळून टाकणारी आज्ञावलीही पहिल्या तिन्ही ओळींत उत्तीर्ण होऊ शकेल.